फायटर लाइनचं पिल्लू घेताय? जिगर आणि रेकॉर्ड बाजूला ठेवून कुत्रा कसा पारखायचा

'बाप ग्रँड चॅम्पियन, आई डेड गेम ब्लडलाइन, पिल्लं ४५ दिवसांची, फक्त सिरियस बायरनी कॉल करा.' पिटबुलच्या पिल्लांचा असला मेसेज फिरत फिरत तुमच्या मोबाइलवर आला असेल आणि सोबतचा फोटो बघून तुम्ही विरघळायला लागला असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचून घ्या. ह्या एका ओळीत तीन दावे आहेत. पहिले दोन कुणालाच तपासता येत नाहीत, आणि तिसरा तर विकणाऱ्याने स्वतःच लिहून दिलेला गुन्हा आहे, कारण २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही.

कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. मोठा कुत्रा कुणाला म्हणायचं, जो कधी हरला नाही त्याला, की जो हरला, फाटला, मरायला टेकला तरी मागे सरला नाही त्याला? एक पार्टी रेकॉर्डवाल्यांची, दुसरी जिगरवाल्यांची, आणि आपल्याकडची पोरं हे सगळं रील्सवर बघून तीच भाषा बोलायला लागलीत. माझं मत आत्ताच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको: ही दोन्ही मापं कुत्र्याची नाहीतच, ती माणसाची मापं आहेत. पण पेडिग्रीचा कागद त्याच भाषेत लिहिलेला असतो, त्यामुळे ती भाषा आधी कळायला पाहिजे, मग तो कागद घडी घालून ठेवून देता येतो.

कागदावरची अक्षरं कशी वाचायची

पेडिग्रीत नावाच्या आधी 'सीएच' दिसलं की आपण खूष होतो. थांबा. आपल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (केसीआय) कागदावर सीएच म्हणजे शोमध्ये जज्जने सर्टिफिकेटं दिलेला कुत्रा, म्हणजे दिसणं, चाल, बांधा. झुंजीच्या लाइनच्या कागदावर तीच दोन अक्षरं म्हणजे तीन झुंजी जिंकलेला कुत्रा, आणि 'जीआर सीएच' म्हणजे एकही न हरता पाच जिंकलेला. 'वन एक्स डब्ल्यू', 'टू एक्स डब्ल्यू' म्हणजे एक किंवा दोन जिंकला, शेवटी एल असेल तर हरला. 'आरओएम' असेल तर कुत्र्याच्या पोराबाळांनी झुंजी जिंकून त्याला पॉइंट मिळवून दिलेत.

अजून एक. कुणी 'पिटबुल विथ केसीआय पेपर' म्हणत असेल तर तिथेच नमस्कार करून निघा. केनेल क्लब ऑफ इंडिया पिटबुल नावाची जात नोंदवतच नाही. नोंद होते ती अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियरची, जो पिटबुलचा सख्खा भाऊ आहे पण १९३६ पासून अमेरिकन केनेल क्लबच्या वहीत वेगळा लिहिलाय आणि तेव्हापासून शोसाठी वेगळा वाढवलाय. पिटबुलला पिटबुल म्हणून नोंदवणारी मोठी नावं दोनच, युनायटेड केनेल क्लब (१८९८ साली पिटबुलवाल्यांसाठीच निघाला होता) आणि अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशन, दोन्ही अमेरिकेतली.

मुळात ही जात आली कुठून तर ब्रिटनमधून. तिथे बैलावर कुत्रे सोडायचा खेळ चालायचा, १८३५ ला कायद्याने तो बंद केला. बैल लपवता येत नाही पण दोन कुत्रे कुठल्याही तळघरात लढवता येतात, त्यामुळे बुलडॉग आणि टेरियरचा संकर करून बनवलेले चपळ कुत्रे झुंजीला लागले, पुढे ते जहाजातून अमेरिकेला गेले. तिथे आज झुंज लावणं पन्नासच्या पन्नास राज्यांत गंभीर गुन्हा आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे 'अमेरिकन ब्लडलाइन' असं छातीठोकपणे सांगतात, जणू तिकडे हा मान्यताप्राप्त खेळच आहे.

रेकॉर्डचा भाव किती धरायचा

शून्य. आता का ते सांगतो.

जिथे खेळच गुन्हा आहे तिथे स्कोअरबुक कोण ठेवणार? निकाल सांगणारा मालक, साक्षीला त्याचे मित्र, छापणारं मासिक त्यांच्याच लोकांचं. समोरचा कुत्रा कसा होता, आजारी होता का, पहिल्यांदाच उतरवलेला होता का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. झुंज ठरते ती वजनावर, दोन्ही कुत्रे एका ठरलेल्या वजनाला आणायचे असतात, म्हणजे ज्याला जोड लावता येते, समोरच्याचं वजन कुठे चुकतंय ते कळतं, तो माणूस जिंकतो. वजन चुकलं की ठरलेला दंड भरून समोरचा माघार घेतो. ह्या सगळ्यात कुत्र्याचा वाटा किती, मालकाच्या लबाडीचा किती, हे वेगळं काढायला कुठलंच साधन नाही.

आणि तीन किंवा पाच हा आकडा बघा ना. कुठल्याही पहिलवानाला पाच कुस्त्यांवर कुणी महान म्हणेल का? इथे आकडा एवढा छोटा असतो कारण त्यापुढे कुत्रा शिल्लकच राहत नाही. एकेक झुंज तास तास चालते, कधी दोन तासांवर जाते, जिंकलेला पण मागाहून रक्तस्रावाने नाहीतर शॉकने जातो. व्हेटकडे नेता येत नाही, नेलं तर प्रश्न विचारले जातात, म्हणून मालक स्वतःच टाके घालतो.

जिगर म्हणजे ते नक्की काय बघतात

जिगरवाल्यांची बाजू ऐकायला जास्त भारी वाटते. ते म्हणतात जिंकणं नशिबावर आहे, पण हरत असताना परत परत जाणं हे रक्तात असतं. हे मोजायला त्यांच्याकडे एक रीत आहे आणि ती नीट समजून घेतली की सगळा मामला उघडा पडतो.

दोन-तीन फूट उंच फळ्यांचा चौकोन, त्याला 'पिट' म्हणतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक रेघ. झुंज चालू असताना एखाद्या कुत्र्याने समोरच्यापासून डोकं आणि खांदे फिरवले की त्याला 'टर्न' म्हणतात. मग संधी बघून दोघांना सोडवतात, आपापल्या कोपऱ्यात नेतात, आणि ज्याने तोंड फिरवलं त्याला मोकळा सोडतात. ठरलेल्या सेकंदांत, बहुतेक ठिकाणी दहा, तो स्वतःहून रेघ ओलांडून समोरच्यावर गेला तर 'स्क्रॅच' झाला, झुंज पुढे चालू. नाही गेला तर हरला. जो जातच राहिला, जाता जाता मेला, तो 'डेड गेम'. तुमच्या त्या जाहिरातीतल्या आईच्या घराण्याची ख्याती ही आहे.

आता गल्लीतली दोन कुत्री आठवा. एकाने दुसऱ्याची हद्द ओलांडली, दोघं ताठ झाली, केस उभे राहिले, गुरगुर झाली, आणि मग त्यातलं एक हळूच मान बाजूला वळवतं, जिभेने नाक चाटतं, जमिनीचा वास घेतल्यासारखं करतं, अंग तिरकं करून कडेने निघून जातं. दुसरं बघत राहतं पण मागे लागत नाही. संपलं भांडण. मान वळवणं ही कुत्र्यांची आपसातली सगळ्यात जुनी तडजोड आहे, ती दिसली की समोरच्याचा राग उतरतो, एवढ्याशा खुणेवर रोज हजारो भांडणं रक्ताचा थेंब न सांडता मिटतात. आणि पिटात नेमकी हीच खूण म्हणजे चूक. जो कुत्रा ही खूण देतो त्याची परीक्षा लागते, जो देतच नाही किंवा समोरच्याने दिलेली ओळखत नाही त्याची पिल्लं काढतात. असं दीडशे वर्षं चाललं की जे उरतं त्याला ते लोक जिगर म्हणतात. मी त्याला कुत्र्याची अर्धी भाषा कापून टाकणं म्हणेन.

गोव्यातली धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, बघितलेल्या लोकांना एक फरक लगेच कळेल. (हायकोर्टाने १९९६ मध्येच बंद करायला सांगितली, तरी पहाटे कुठल्यातरी शेतात लागतेच, आणि मी काही तिची वकिली करत नाहीये, बैलांची आतडी बाहेर आलेली लोकांनी पाहिलीत.) पण तिथे बैलाने पाठ फिरवून पळ काढला की तो हरला, विषय संपला. पळून जायचा निर्णय बैलाचा. कुत्र्यांच्या पिटात फळ्या असतात, पळायला जागा नाही, आणि पळावंसं वाटणं हेच पिढ्यान् पिढ्या निवडून काढून टाकलेलं. ज्याच्याकडे थांबायचा पर्यायच ठेवलेला नाही त्याच्या न थांबण्याचं कौतुक कसलं करायचं ते मला कळत नाही.

आणि जे थांबले त्यांचं काय होतं? मायकल विकची केस बघा. अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू, एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या त्याच्या जागेवर धाड पडली. कोर्टापुढच्या कबुलीत आलं की घरच्या घरी 'टेस्ट' घेताना जी कुत्री नीट लढली नाहीत त्यांना फाशी देऊन, पाण्यात बुडवून मारलं. म्हणजे जिगर तपासायचं खरं यंत्र हे. जी उरली ती शूर म्हणून नाही, बाकीची मारली म्हणून उरली.

त्याच केसमधून पुढे जे झालं ते मात्र आपल्या कामाचं आहे.

त्या काळात झुंजीतून सोडवलेली कुत्री सरसकट मारून टाकायचे, ती सुधारणार नाहीत असंच धरलेलं असायचं. ह्या वेळी कोर्टाने प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी करायला लावली, त्यांच्यासाठी एका कायद्याच्या प्राध्यापिकेला पालक नेमलं आणि विककडून त्यांच्या खर्चाचे नऊ लाख अठ्ठावीस हजार डॉलर वसूल केले. ४९ कुत्र्यांची तपासणी झाली. स्वभाव फारच आक्रमक म्हणून मारावं लागलं फक्त एकाला. बरीचशी तर लढाऊ नव्हतीच, भेदरलेली होती, माणूस आला की जमिनीला चपटी व्हायची. त्यातला जॉनी नावाचा कुत्रा पुढे लायब्ररीत वाचायला अडखळणाऱ्या लहान मुलांशेजारी बसायला लागला, लिओ नावाचा कॅन्सरच्या पेशंटना भेटायला जायचा. २२ कुत्री युटामधल्या एका मोठ्या आश्रयस्थानात गेली, त्यात लुकास होता. हा लुकास विकचा चॅम्पियन, म्हणजे रेकॉर्डवाल्यांच्या हिशोबात त्या सगळ्यांत मोठा. माणसांशी अतिशय गोड. पण त्याच्या रेकॉर्डमुळेच कोर्टाने सांगितलं की ह्याला कुणाच्या घरी द्यायचं नाही, हा कायम आश्रयस्थानातच राहणार, आणि तो २०१३ मध्ये तिथेच गेला. ज्या रेकॉर्डचे विकणारा तुमच्याकडून जास्तीचे वीस हजार मागतो ते रेकॉर्ड प्रत्यक्ष कुत्र्याला एवढंच मिळवून देतं.

मग पिल्लू बघायचं कसं

पिल्लाकडे नंतर बघा, आधी आई बघा. आई दाखवत नसेल, 'ती फार्मवर आहे', 'ती अनोळखी माणसावर येते' असं काहीतरी सांगत असेल तर विषय तिथेच संपला. आई समोर आली की तिच्या तोंडावर, पुढच्या पायांवर, छातीवर बारीक बारीक जुन्या जखमांचे पांढरे व्रण आहेत का बघा. एखादा व्रण कुठल्याही कुत्र्याला असतो, जाळी पडल्यासारखे असतील तर ते खेळताना झालेले नाहीत. कान घरीच ब्लेडने कापल्यासारखे वेडेवाकडे असतील, एकेक कुत्रं जाड साखळीला असं बांधलेलं असेल की एकमेकांना दिसतील पण पोचणार नाहीत, तर काही न बोलता निघा आणि शेवटी लिहिलंय ते करा.

आई ठीक दिसली तर तिला तुमच्याकडे येऊ द्या, तुम्ही जाऊ नका. बाजूला बसा, तिच्या डोळ्यांत बघू नका, हात खाली सैल ठेवा. चांगली आई पहिल्यांदा जरा दूर राहील, वास घेईल, मग पिल्लांपाशी जाईल, परत येईल. ती तुम्हाला पिल्लू उचलू देते का, उचलल्यावर ताठ होते का, मालकाच्या एका हाकेवर शांत होते का, ह्यावरून तुम्हाला पाच पिढ्यांच्या पेडिग्रीपेक्षा जास्त कळेल. पिल्लू पहिले आठ आठवडे तिच्याकडूनच शिकणार आहे. जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, हे आई आणि भावंडं शिकवतात, म्हणून ४५ दिवसांत आईपासून तोडलेलं पिल्लू नको. तो नुसता कायद्याचा मुद्दा नाहीये.

आता पिल्लू. मला स्वतःला एकच चाचणी आवडते. घरातलं स्टीलचं झाकण सोबत न्या, पिल्लू खेळात असताना त्याच्यापासून सात-आठ फुटांवर फरशीवर टाका. खणखणाट होईल, पिल्लू दचकेल. दचकलंच पाहिजे, दचकणं हा दोष नाही. त्यानंतरचे पाच-दहा सेकंद बघा. एक पिल्लू कोपऱ्यात जाऊन बसतं आणि बराच वेळ बाहेर येत नाही. एक त्या झाकणावर धावून जातं, दातात धरतं, सोडत नाही, विकणारा लगेच म्हणणार 'बघा साहेब, जिगर बघा!' आणि एक असतं ते दोन पावलं मागे जातं, कान टवकारतं, तुमच्याकडे एकदा बघतं, मग मान लांब करून झाकणाचा वास घेतं आणि शेपूट हलवत परत भावाचा कान ओढायला जातं. हे तिसरं घ्या. घाबरून परत सावरता येणं ह्याला मी जिगर मानतो, आणि घरात, रिक्षाच्या हॉर्नमध्ये, दिवाळीच्या फटाक्यांत, लहान मुलाच्या किंचाळण्यात तीच उपयोगाला येते.

दुसरं, पिल्लाला पाठीवर हलकेच धरून ठेवा, अर्धा मिनिट. जरा धडपडून मग सैल होणारं बरं. तिसरं, दोन पिल्लं खेळताना एकाने केकाटल्यावर दुसरं सोडतं का बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. केकाटलेलं ऐकून क्षणभर थांबणारं पिल्लू म्हणजे ज्याची भाषा शाबूत आहे.

एवढं सगळं करूनही पिल्लाची चाचणी म्हणजे भविष्यवाणी नाही, हे डोक्यात ठेवा. ह्या जातीत दुसऱ्या कुत्र्याबद्दलचा राग बऱ्याचदा दीड, दोन, कधी तीन वर्षांचं झाल्यावर उगवतो. 'आमचा तर सगळ्यांशी खेळायचा हो, एकदम काय झालं काय माहीत' असं म्हणणारे खूप भेटतात. एकदम काही होत नाही, तो वयात येतो.

मोठा कुत्रा पारखायचा असेल तर

ॲडॉप्ट करताना किंवा कुणाचा तरी घेताना अमेरिकन केनेल क्लबची 'केनाइन गुड सिटिझन' नावाची दहा प्रकारांची परीक्षा डोळ्यासमोर ठेवा, १९८९ पासून चालते, विकच्या कुत्र्यांमधल्या काहींना तर घर मिळण्याआधी ती पास व्हायला कोर्टाने सांगितलं होतं. तिच्यात जिंकणं-हरणं काही नाही. अनोळखी माणूस येऊन मालकाशी बोलतो तेव्हा कुत्रा शांत राहतो का, हात लावू देतो का, पाय आणि कान तपासू देतो का, पट्टा न ओढता चालतो का, गर्दीतून जातो का, बस म्हटलं की बसतो का, थांब म्हटलं की थांबतो का, हाक मारली की येतो का, समोरून दुसरं कुत्रं गेलं तर सांभाळून घेतो का, अचानक आवाज झाला तर सावरतो का, आणि मालक तीन मिनिटं नजरेआड गेला तर दुसऱ्या माणसापाशी राहतो का. हे सगळं कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका संध्याकाळी बघता येतं. पहिल्याच वेळी दहाही जमले नाहीत म्हणून कुत्रा वाईट ठरत नाही, काय शिकवायचंय त्याची यादी मिळते.

पण एक गोष्ट घरी करून बघू नका. तो दुसऱ्या कुत्र्याशी कसा वागतो ते तपासायला दोन कुत्री मोकळी सोडून 'बघू काय होतं' असं अजिबात नको. दोन्ही पट्ट्यात, वीस-पंचवीस फूट अंतर, एकाच दिशेने चालायचं, समोरासमोर नाही. बघायचं हे की तो समोरच्यावरून नजर काढू शकतो का. तुम्ही नाव घेतल्यावर मान तुमच्याकडे वळली तर भरपूर काम होण्यासारखं आहे. अंग दगडासारखं, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली आणि तुमचा आवाज कानात शिरतच नाही असं दिसलं तर अंतर वाढवा, आणि ह्या कुत्र्याच्या घरात दुसरं कुत्रं आणायचं नाही हे तेव्हाच ठरवून टाका.

झुंजीतून आलाय असा संशय असलेला कुत्रा घरात आला तर पहिल्या आठवड्यात व्हेटला बाबेसिया गिब्सोनीची तपासणी करायला सांगा, जमलं तर पीसीआर. हा रक्तातला परजीवी गोचिडांनी पसरतोच, पण चावाचावीतून एका कुत्र्याच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात पण जातो, म्हणून झुंजीच्या कुत्र्यांत तो वरचेवर सापडतो, विकच्या कुत्र्यांतही सापडला होता. ताप, पांढरट हिरड्या, गडद लघवी दिसली तर थांबू नका. साध्या स्मिअरवर तो कधी कधी दिसत नाही आणि नेहमीच्या बाबेसियाच्या औषधाने हा बधत नाही, म्हणून नाव घेऊन सांगा.

घरात काय लागतं: बास्केट टाइपचं मझल (ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, कापडी पट्टीवालं नको), दुहेरी पट्टा, आणि दाराला दुसरी अडण. दोन कुत्री असतील तर तुम्ही घरात नसताना एका खोलीत कधीच नाही. भांडण लागलंच तर हात मध्ये घालू नका, ओरडू नका. मध्ये फळी, चादर, पाण्याची बादली; दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे ओढायचं आणि लगेच दोन वेगळ्या खोल्या. आणि लहान मुलं, म्हातारी माणसं ह्यांच्यासोबत एकटं सोडायचं नाही, कितीही गुणी असला तरी. जुलै २०२२ मध्ये लखनौला घरच्याच पिटबुलने ऐंशीच्या पुढच्या वयाच्या बाईंचा जीव घेतला. त्यानंतर गाझियाबादसारख्या काही शहरांनी आपापले निर्बंध घातले, आणि १२ मार्च २०२४ ला केंद्राने २३ जाती बंद करायचं पत्र राज्यांना पाठवलं, ते कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमध्ये रद्द केलं. तेव्हा 'बॅन आहे' म्हणणारा आणि 'काही लागत नाही' म्हणणारा, दोघांचं ऐकू नका, तुमच्या महापालिकेत जाऊन लायसन्सचं विचारा.

एवढं करून एखाद्याला कुत्र्याचा दमच बघायचा असेल तर बघावा की, पण कामात. जानेवारी १९२५ ला अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली, औषध स्लेजगाड्यांच्या रिलेने न्यावं लागलं. टोगो नावाच्या बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने आपली गाडी घेऊन सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर काढलं, गोठलेल्या समुद्रावरून सुद्धा. शेवटचा टप्पा बाल्टोच्या गाडीने केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला पुतळा बाल्टोचा लागला. नाव कुणाचं झालं हे दोघांपैकी एकाही कुत्र्याला माहीत नव्हतं.

झुंज लागतेय असं कळलं तर

स्वतः हिरोगिरी करायला जाऊ नका, तिथे पैसे लागलेले असतात. ११२ ला फोन, सोबत तुमच्या जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला किंवा ओळखीच्या संस्थेला. जागा, वेळ, गाड्यांचे नंबर, व्हिडिओ आला असेल तर फॉरवर्ड न करता मूळ फाइल जपून ठेवा.

तक्रारीत कलम कुठलं लिहिलं जातंय ह्यावर लक्ष ठेवा, इथे बरेच जण फसतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११(१)(एम) हे करमणुकीसाठी प्राणी लढवण्याबद्दल आहे, पण ते अदखलपात्र आहे, पोलीस एनसी करून मोकळे होतात. त्याच्याच खालचं ११(१)(एन), म्हणजे झुंजीसाठी जागा ठेवणं, देणं, चालवणं, तिथे यायचे पैसे घेणं, हे दखलपात्र आहे, कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, ते कलम पोलिसांना दाखवा. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दोन्हीकडे सारखाच, दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. तो आकडा १९६० पासून तसाच आहे. म्हणून कुत्रं मेलं किंवा कायमचं अधू झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायचा आग्रह धरा, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पैजा लागल्या असतील तर जुगाराचा कायदा पण. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकाकडून जखमांचा लेखी दाखला त्याच दिवशी घ्यायचा, फोटोंसकट, कारण दोन दिवसांनी सूज उतरली की 'आपसात भांडली होती साहेब' हे उत्तर तयार असतं.